बंदरची लाईन

१२ जानेवारी

प्रिय बंदरवाली,

ओळखलंस का? आवाज ऐकला असतास तर एका शब्दात ओळखलं असतंस. अक्षर तू माझं कधी पाहिलेलंच नाहीस. एकोणीस वर्षं आपण रोज बोललो, पण एकमेकींना कागदाचा कपटासुद्धा पाठवला नाही, आणि तोंड तर पाहिलंच नाही. मी डोंगरवाली. ट्रंक लाईनच्या वरच्या टोकाची.

टेलिफोन एक्स्चेंज बंद होऊन तीस वर्षं झाली. तुझा पत्ता निवृत्त ऑपरेटरांच्या संघटनेकडून मिळाला, तोही माझ्या खटपटीने नाही. आमच्या गावात एक वारसा मंडळ आहे. म्हणजे तेवीस माणसं, त्यातल्या अकरांचे गुडघे गेलेले. शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंग मास्तर त्याचे चिटणीस. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते आम्हाला गावातून हिंडवतात आणि जिथे काही उरलेलं नाही अशा जागी उभं करून तिथे काय होतं ते सांगतात. परवा आम्ही एका मोकळ्या प्लॉटसमोर पाऊण तास उभे होतो. तिथे म्हणे सार्वजनिक वाचनालय होतं. मास्तर जिना कुठे होता, खिडकी कुठे होती ते हाताने दाखवत होते. घरी आले तर सूनबाई म्हणाली, "आई, कुठे होतात इतका वेळ?" मी म्हटलं, "वाचनालयात." तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

तर सांगायचं हे की मंडळाला पोस्टाच्या वरच्या मजल्यावरच्या, आमच्या एक्स्चेंजच्या खोलीची किल्ली मिळाली. आत दोन चादरींखाली बोर्ड जसाच्या तसा. आठ दिवस आम्ही ब्रशने त्याची कॉर्ड खोचायची भोकं साफ करत होतो. शेवटच्या रांगेत टोकाला पितळी पट्टी आहे, 'बंदर' लिहिलेली. अक्षरं झिजलीत. माझ्याच बोटांनी झिजली असणार.

बारा एप्रिलला, रविवारी, ती खोली लोकांना उघडायची आहे. चार वाजता मी बोर्डावर बसायचं आणि पहिला कॉल बंदरला लावायचा. आत साधाच फोन बसवलाय, पण कॉर्ड खोचल्याशिवाय लागणार नाही अशी करामत रेडिओ दुरुस्तीवाल्याने केलीय. पलीकडे तू हवीस. तुझ्याशिवाय दुसरं कोण असणार? फक्त "हो" म्हण. आणि फोन नंबर कळव, संघटनेच्या वहीत नुसता पत्ता होता.

तुझी,
डोंगरवाली

२६ जानेवारी

प्रिय डोंगरवाली,

पत्र फोडलं आणि पहिल्या ओळीलाच तुझा आवाज ऐकू आला, वाक्याच्या मधेच आवंढा गिळायची तुझी सवय धरून. धाकटीला म्हणाले असते, "बघ कोण आलंय दारात!" इतकी तू आत आलीस.

मी धाकट्या बहिणीबरोबर राहते. दोरखंडाच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. ती शिवणकाम करते, मी काजं-बटणं करते. खालून दिवसभर डांबराचा आणि काथ्याचा वास येतो. खिडकीतून क्रेन दिसतात. सकाळच्या धुक्यात त्यांचे नुसते माथे दिसतात, मग वाटतं मोठे मोठे पक्षी पाण्यात उभे आहेत आणि आपल्यालाच काहीतरी विचारणार आहेत.

तुझा बोर्ड सापडला हे वाचल्यापासून मला एकच स्वप्न पडतंय. माझ्या बोर्डावरचे सगळे दिवे एकदम लागलेत, सगळं जग बोलायला उतावीळ झालंय, आणि माझ्या हातात कॉर्ड एकच. मी घाबरत नाही, गंमत आहे की नाही? नुसती बघत बसते. दिवे छान दिसतात.

मंडळात आणखी काय काय चालतं ते लिही. ते नसलेलं वाचनालय मला फार आवडलं.

फोनचं म्हणशील तर तो धाकटीच्या ताब्यात असतो. बोलायची सगळी कामंच तिच्याकडे. मी हल्ली ऐकण्यात समाधानी आहे. पत्रं बरी. बारा एप्रिलचं पुढे बघू.

तुझी,
बंदरवाली

१५ फेब्रुवारी

प्रिय बंदरवाली,

"पुढे बघू" म्हणजे काय गं? तू लाईनवर पाच मिनिटं थांबायला लागलेल्या लोकांना असंच सांगायचीस, "बघते हं." आणि मग दोघी हसायचो. मला ते सांगू नकोस.

मंडळाचं विचारलंस म्हणून सांगते. गेल्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये जमिनीवर खडूने गावाचा नकाशा काढला. नुसता आठवणीतून. प्रत्येकाने आपल्याला आठवतो तेवढाच तुकडा काढायचा. झालं! कुणाची गल्ली कुणाच्या अंगणातून जाऊ लागली. गाव दुप्पट मोठं झालं. एका आजोबांनी तळं काढलं, ते कुणालाच आठवेना. मास्तरांनी ते पुसू दिलं नाही. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी एकटी त्या नकाशावरून चप्पल काढून चालत गेले, घरापासून एक्स्चेंजपर्यंत. तीस वर्षांत इतकी हलकी चालले नव्हते.

त्याआधी अनोळखी फोटोंची संध्याकाळ झाली. लोकांच्या ट्रंकांतले, ज्यांतली माणसं कुणाला ओळखू येत नाहीत असे फोटो दोरीला टांगले, प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी लावली. ओळखलंत तर लिहा. दोनशे फोटोंतले चाळीस ओळखले गेले. मी काही लिहिलं नाही.

आता खरं बोल. मी मागच्या मंगळवारी फोन केला होता. नंबर संघटनेतल्या कारकुनाने शोधून दिला. धाकटीने उचलला. "ताई बाहेर गेलीय," म्हणाली. पण मागे कुणीतरी खोलीत होतं. एकोणीस वर्षं हेडफोन कानाला लावलेल्या बाईला कळत नाही का, की पलीकडे किती माणसं आहेत? कुणीतरी टेबलावर कात्री ठेवली. मशीन थांबलेलं होतं, म्हणजे धाकटी फोनवर आणि कात्री दुसऱ्याच कुणाच्या हातात.

तू का आली नाहीस फोनवर?

तुझी,
डोंगरवाली

२ मार्च

प्रिय डोंगरवाली,

कात्री मीच ठेवली. तुझे कान अजून तिखट आहेत.

बारा एप्रिलला मी नाही. दुसरं कुणी बघ. कारण विचारू नकोस आणि पुन्हा फोन करू नकोस, धाकटीला खोटं बोलावं लागतं आणि मग ती दिवसभर टाके चुकते.

नकाशावरून चाललीस ते मात्र मी चार वेळा वाचलं.

बंदरवाली

९ मार्च

प्रिय बंदरवाली,

या वेळी 'तुझी' लिहिलं नाहीस. मला कारण कळलं. तुला सगळं ठाऊक आहे. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, ते विचारायचा मला हक्क नाही. तरी माझ्या तोंडून ऐक, म्हणजे निदान दुसऱ्याच्या तोंडचं राहणार नाही.

आपलं आठवं वर्ष होतं. पाणी मोजणारे आठवतात ना, धरणाच्या ऑफिसातले? रोज संध्याकाळी इथून बंदरच्या ऑफिसला पाण्याचे आकडे सांगायचे. बंदरचं ऑफिस कधी वेळेवर उचलायचं नाही, म्हणून ते तुझ्याशीच बोलत राहायचे. मी मधे असायची. ऐकायचं नाही असा नियम होता, आणि ऐकू येतच असे.

त्या गुरुवारी ते फोनवरून नाही, स्वतः जिना चढून आले. साडेतीनला. बुटांना चिखल. बदलीचा हुकूम आला होता, पाचची गाडी होती. म्हणाले, "आज ऑफिस नको. बंदरवाल्या बाईंनाच द्या. तीन मिनिटं." आणखीही काही म्हणाले.

मी म्हटलं, "लाईन बंद आहे."

लाईन बंद नव्हती. तुझा दिवा माझ्यासमोर होता, मी त्याच्यावर हात ठेवला. ते अर्धा तास बाकावर बसले. मग मला निरोप सांगून गेले, "उद्या त्यांना सांगा." मी सांगितला नाही. उद्याही नाही, पुढची अकरा वर्षंही नाही. एक्स्चेंज बंद झाल्यावर तुला पत्र लिहिलं नाही ते याच्यामुळेच. तोंड दाखवायला जागा नव्हती, आणि गंमत बघ, तोंड तू पाहिलेलंच नव्हतंस.

का केलं? त्या वर्षी माझी मुलगी गेली होती, चार महिन्यांची. तुलाच ठाऊक आहे. घरात तिचं नाव काढायला बंदी होती, माझ्याच भल्यासाठी म्हणे. तिच्याबद्दल मी एका तुझ्याशीच बोलत होते, दोन कॉलच्या मधल्या फटीत. तू लग्न करून गेलीस तर त्या टोकाला कोण असेल, एवढंच माझ्या मनात आलं. तेवढा वेळ मी माणूस नव्हते, नुसती भीती होते.

त्या फोटोंच्या संध्याकाळी दोरीवर एक फोटो होता. सात माणसं, मधे तिपाईवर यंत्र. डावीकडून दुसरे ते. कुणालाच ओळखू येईनात. मास्तरांनी माझ्या हातात पेन्सिल दिली, मी चिठ्ठी कोरीच ठेवून घरी आले. तेव्हाच ठरवलं होतं तुला सांगायचं. पण आधी तुझा आवाज ऐकावा असा लोभ झाला.

डोंगरवाली

३० मार्च

डोंगरवाली,

मला काहीच ठाऊक नव्हतं.

तुझं पत्र आलं त्याला तीन आठवडे होत आले. पहिला आठवडा मी ते बटणांच्या डब्यात ठेवलं. दुसऱ्या आठवड्यात धाकटीने वाचलं आणि ती रडली. मी नाही रडले. मला तुझ्यावर ओरडायचं होतं. खिडकीत उभं राहून, क्रेनवरच्या माणसालाही ऐकू जाईल असं ओरडायचं होतं. आणि ओरडायला माझ्याकडे आवाजच नाही.

ही लिहिण्याची लकब नव्हे. खरंच नाही. तीन वर्षांपूर्वी घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठीबरोबर आवाजाची पेटीच काढली. गळ्याला भोक आहे, मी त्यातून श्वास घेते, वर रुमाल बांधते. दुकानात बोट दाखवून सामान घेते. मुलं बघतात, त्यांचं काही नाही, पण मोठी माणसं माझ्याशी जोरजोरात बोलतात, जणू माझे कान गेलेत. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा वाटलं, जगात एक तरी माणूस आहे ज्याच्यापाशी माझा आवाज अजून जसाच्या तसा आहे. तो तसाच राहू दे. म्हणून लपवलं. म्हणून येत नव्हते. बस, एवढंच. तू भलतंच समजलीस आणि भलतंच बोलून बसलीस.

त्या गुरुवारचं आता माझ्याकडून ऐक. आदल्या दिवशी आकडे सांगून झाल्यावर ते म्हणाले होते, "उद्याचा फोन माझा स्वतःचा असेल." मी दुसऱ्या दिवशी चांगले कपडे घालून गेले. फोनवर बोलायला! बरोबरच्या मुली हसल्या. चारपासून बसले. सहाला मीच तुला विचारलं, "वरची लाईन ठीक आहे ना गं?" तू म्हणालीस, "दुपारभर तारेवर झाड पडलं होतं." झाडसुद्धा पाडलंस तू. मी म्हटलं, "अगं, कुणाला लागलं तर नाही ना?" आठवतं? दुसऱ्या दिवशी आकडे सांगायला वेगळाच आवाज आला. मी समजले, त्यांचं मन बदललं. एकेचाळीस वर्षं मी त्या माणसाला कच्च्या मनाचा समजत आले.

तुझ्या मुलीचं मला आठवतं. ती हसताना एकाच गालाला खळी पडायची, तू सांगायचीस. मला तिचं वाईट वाटतं आणि तुझं वाटत नाही. दोन्ही एकदम कसं, ते मला कळत नाही.

बंदरवाली

३ एप्रिल

प्रिय बंदरवाली,

तुझं पत्र जिन्यातच वाचलं आणि जिन्यातच बसून राहिले. सूनबाईला वाटलं चक्कर आली.

मी माफी मागत नाही. झाड पडलं म्हणणाऱ्या बाईने कुठल्या तोंडाने मागायची?

मास्तरांना सांगितलं, कॉल रद्द करा, मी बोर्डावर बसणार नाही. त्यांनी कारण विचारलं नाही. म्हणाले, "खोली उघडू, लोक बघून जातील."

सोबत तो फोटो पाठवतेय. मास्तरांनी मंडळाची प्रत ठेवून घेतली, ही तुझी. तू त्यांना पाहिलेलं नाहीस हे माझ्या ध्यानात फार उशिरा आलं. डावीकडून दुसरे.

तुझा आवाज माझ्यापाशी आहे. त्याला मी धक्का लागू देणार नाही.

डोंगरवाली

६ एप्रिल

डोंगरवाली,

कॉल रद्द करू नकोस.

मी चार वाजता इथल्या पोस्टात असेन, बंदर म्हणून तिथली फोनची खिडकी रविवारीही उघडी असते. धाकटी बरोबर येईल. बोलायचं तू. त्यांनी मागितलेली तीन मिनिटं माझी होती, ती मला दे. ते जिना चढून आल्यावर काय काय म्हणाले, ते एकेक शब्द सांग. पत्रात "आणखीही काही म्हणाले" लिहून पुढे सरकलीस, ते मला कळलं नाही असं समजू नकोस.

समोर लोक असतील. असू देत. तेव्हा तू लोकांचं ऐकत होतीस, आता लोक तुझं ऐकतील.

बंदरवाली

१३ एप्रिल

प्रिय बंदरवाली,

काल लाईनवर खरखर होती. एखादा शब्द निसटला असेल तर? या वेळी एकही शब्द मधे राहायला नको, म्हणून सगळं पुन्हा लिहून काढते. आणि तुला जे दिसलं नाही तेही.

खोलीत साठएक माणसं होती, जिन्यातही उभी होती. खिडक्या उघड्या होत्या आणि ढग खाली उतरला होता, तो हळूहळू आत आला. बोर्डाच्या वरच्या रांगा दिसेनाशा झाल्या. मास्तर दोन शब्द बोलले. माझा मुलगा आणि सूनबाई पुढच्या बाकावर. मी हेडफोन लावला, कॉर्ड खोचली. तुमच्याकडचा कारकून म्हणाला, "बंदर. माणूस आलंय, देतो." मग काही नाही.

"लाईन गेली वाटतं," रेडिओ दुरुस्तीवाला म्हणाला आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उठला. मी हाताने त्याला खाली बसवलं. लोकांना वाटलं म्हातारी गोंधळली. मला मात्र माहीत होतं की तू आहेस. रिकामी लाईन आणि ऐकणारी लाईन यांतला फरक मला झोपेतही कळेल.

मग मी बोलायला लागले. तेच लिहिते. ते म्हणाले, "बंदरवाल्या बाईंनाच द्या. तीन मिनिटं. मी मोजून बोलेन, मोजणं माझा धंदाच आहे." मग म्हणाले, "त्या प्रत्येक आकडा दोनदा म्हणतात. मी मुद्दाम पुटपुटतो, म्हणजे तिसऱ्यांदा म्हणतात." मी लाईन बंद म्हटल्यावर बाकावर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवून. जाताना म्हणाले, "मग उद्या तुम्हीच विचारा त्यांना. म्हणावं, खारा वारा सोडून तुम्हाला राहता येईल का? मला पाण्याशिवाय राहता येत नाही, पण गोडं पाणी चालतं." एवढं म्हणून स्वतःच हसले. जिन्याच्या चौथ्या पायरीवरून परत आले आणि म्हणाले, "घाई नाही म्हणावं."

घाई नाही म्हणावं. हे मी एकेचाळीस वर्षं सांभाळलं.

मग मी लोकांसमोर सांगितलं की लाईन बंद नव्हती. आणि का, तेही सांगितलं. तुला मुलगी आठवते म्हणून तिलाही बोलण्यात घेतलं. "तीन मिनिटं झाली," असं मीच म्हणाले, सवयीने, पण कॉर्ड काढवेना. तेव्हा मला तिकडून ऐकू आलं. आधी वाटलं वारा. मग कळलं, तो आत जातोय आणि बाहेर येतोय. मी किती वेळ ऐकलं ते कुणालाच सांगता येणार नाही, मास्तरांनीही घड्याळ खिशात टाकलं होतं.

माझ्या मुलाला बहीण होती हे त्याला माहीत नव्हतं. लोक पांगल्यावर तो बोर्डाशी आला. मला वाटलं रागावेल. म्हणाला, "तिला काय म्हणायचात?" मी म्हटलं, "चिमणी." त्याने तो शब्द दोनदा म्हणून बघितला आणि माझी पर्स उचलून जिना उतरायला लागला. घरी जाईपर्यंत आम्ही तिच्याबद्दलच बोललो. पुरलं नाही, म्हणून गावाला एक जास्तीचा वळसा घातला.

फोटोखालची चिठ्ठी आता मास्तर म्हणतात तू सांगशील तशी लिहू.

डोंगरवाली

२२ एप्रिल

प्रिय डोंगरवाली,

एकही शब्द निसटला नव्हता. पण पुन्हा लिहिलंस ते बरं केलंस. मी ते कागदासारखं नाही, आवाजासारखं वाचते.

इकडचं ऐक. पोस्टातला कारकून कोवळा पोरगा, त्याने मला खुर्ची दिली आणि फोन दिला. दोन मिनिटांनी त्याला राहवेना. "आजी, बोला ना, वर लोक थांबले असतील." धाकटी त्याच्यावर अशी खेकसली, "ती ऐकायला आलीय!" की रांगेतले लोक दोन पावलं मागे सरले. मी डोळे मिटले होते. तुमच्याकडचा ढग तारेतून खाली आला की काय कोण जाणे, मला गार वाटत होतं. तू "तीन मिनिटं झाली" म्हणालीस तेव्हा मी रिसीव्हर कानावरून काढून गळ्याच्या रुमालाशी धरला. का, ते ठरवलं नव्हतं. तुझ्या ध्यानात येईल असं वाटलं.

फोटो पाहिला. अगं, हे काय! आवाजावरून मी त्यांना उंच समजत होते. हे तर त्या यंत्रापेक्षा बोटभर ठेंगणे, आणि कान केवढे! धाकटी म्हणाली, "ताई, हे कान बघून तू नाहीच म्हणाली असतीस." तीन वर्षांत पहिल्यांदा मी हसले. आवाज येत नाही, खांदे हलतात, तरी हसणं हसणंच असतं. मग खूप वेळ त्यांच्याकडे बघत बसले. चांगला चेहरा आहे. यंत्राकडे न बघता भलतीकडेच बघतायत.

मी हो म्हणाले असते का? पोस्टातून घरी येताना धक्क्यावरून सावकाश चालत आले, तेव्हा हाच विचार करत होते. मला माहीत नाही. त्या वयातली मी मला आता धुक्यातल्या क्रेनइतकीच दिसते. कदाचित नाहीही म्हणाले असते. पण ते म्हणायचं मी होतं, तू नव्हे.

'माफ केलं' असं एका कागदावर लिहून बघितलं. खोटं दिसलं, फाडलं. राग आहे. फक्त आता तो एकटा नसतो. त्याच्या शेजारी चिमणी येऊन बसते, एका गालाला खळी पाडून, आणि त्याला धड ओरडू देत नाही.

चिठ्ठीवर लिहा : 'पाणी मोजणारे. यांचा प्रश्न पोचला.' त्यांना शोधू नका. मंडळाला सांग, सगळं शोधायचं नसतं. ते तळं जसं पुसलं नाही, तसं हेही राहू दे.

आता कामाचं. तो प्रश्न मी स्वतःला विचारायचं ठरवलंय. खारा वारा सोडून राहता येतं का? जन्मात बंदर सोडून कुठे गेलेले नाही, बसल्या जागी कसं कळणार? आठ दिवस येते. धाकटी म्हणते गळ्याला गार हवा बाधेल, तिने तीन रुमाल दुपदरी शिवून दिलेत. मास्तरांच्या रविवारच्या फेरीत मला घ्या. नसलेल्या गोष्टी दाखवणाऱ्यांत मी शोभून दिसेन.

तीन मे, महिन्याचा पहिला रविवार. सकाळी अकराची बस. स्टँडवर गर्दी असेल, आणि तू कशी दिसतेस ते मला ठाऊक नाही. फोटो पाठवू नकोस, एका फोटोने केलेली फजिती पुरे. हाक मी मारू शकणार नाही. तेव्हा तू फलाटाच्या खांबाशी उभी राहा आणि बोलत राहा. काहीही बोल, हवेशी बोल. लोक वेडी म्हणतील, म्हणू देत. बस थांबली तरी थांबू नकोस. मी आवाजाच्या दिशेने येते.

तुझी,
बंदरवाली